तिकीट, उतारू आणि कार्ड



इतिहासाच्या व्याख्यानासाठी ‘तिकीट’ हा विषय घ्यावा, हे आपल्यापैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. लढाया, तह आणि सनदा यांनाच इतिहास म्हणण्याची आपल्याला सवय आहे. पण तह म्हणजे तरी काय? दोन पक्षांनी एकमेकांवर किती विश्वास टाकावा, याचा तो ठराव. त्या अर्थाने तिकीट हाही एक तहच आहे. एका बाजूला कंपनी किंवा सरकार, दुसऱ्या बाजूला खिशात मोजके पैसे घेऊन निघालेला उतारू, आणि दोघांच्या मध्ये बोटभर कागद. मोठ्या शहरांत हा तह रोज लाखो वेळा होतो आणि संध्याकाळी कचऱ्याच्या पेटीत जातो. गेल्या तीस वर्षांत या कागदाची जागा जगात अनेक ठिकाणी प्लास्टिकच्या एका कार्डाने घेतली. त्याबरोबर तहाची कलमे बदलली. ती कोणाच्या सोयीची झाली आणि कोणाला जाचक झाली, हे आज पाहावयाचे आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. कार्ड हे मुळात हिशेबाचे साधन आहे. ज्या शहरात वाहतूक चालविणाऱ्या संस्थांनी आधी आपसांत समझोता केला, तेथे कार्डाने उतारूचे कष्ट खरोखर हलके केले. जेथे समझोता नव्हता किंवा होता तो मोडला, तेथे त्याच कार्डाने संस्थांचा बेबनाव अधिक काटेकोर केला आणि त्याचा भुर्दंड उतारूवर घातला. यंत्र दोन्हीकडे जवळजवळ एकच होते.

या गोष्टीचे मूळ पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. आगगाड्या सुरू झाल्या तेव्हा तिकीट देण्याची रीत घोडागाड्यांच्या काळातलीच होती. कारकून वहीत उतारूची नोंद करी आणि हाताने चिठ्ठी लिहून देई. ‘बुकिंग’ हा शब्द आपण आजही वापरतो, तो त्या वहीवरून आलेला आहे. गाडीला पंधरा उतारू असताना हे चालून गेले. शेकडो होऊ लागले तेव्हा चालेना. इंग्लंडात न्यूकॅसल ते कार्लाइल या रेल्वेवर मिल्टन नावाचे एक लहानसे स्टेशन होते. तेथे १८३६ साली टॉमस एडमंडसन नावाचा स्टेशनमास्तर आला. धंद्याने तो मूळचा सुतार, लाकडी सामान बनविणारा. व्यापारात बुडून नोकरीला लागलेला. त्याने जाड पुठ्ठ्याचे छोटे तुकडे कापून त्यांवर अनुक्रमांक घातले, ते नळकांड्यासारख्या खोबणीत एकावर एक रचून ठेवले आणि तारीख उमटविण्याचे एक यंत्र तयार केले. आपल्याकडेही तिकिटाच्या खिडकीत पुठ्ठ्याचे तिकीट यंत्रात खुपसले की ‘खट्’ असा आवाज होई, तो पुष्कळांच्या कानांत अजून असेल. ती सारी एडमंडसनची परंपरा. पुढे त्याने आपली पद्धत रेल्वे कंपन्यांना दर मैलामागे वर्षाला दहा शिलिंग आकारून वापरू दिली.

आता असे पाहा, की त्या अनुक्रमांकाचा पहारा कोणावर होता? उतारूवर नव्हे; कारकुनावर होता. सकाळी वरचे तिकीट कितव्या क्रमांकाचे होते आणि रात्री कितव्या, एवढे पाहिले की गल्ल्यात किती पैसे असावयास हवेत ते कळे. उतारूचे नाव मात्र वहीतून नाहीसे झाले. ज्याच्या हातात तिकीट, तो उतारू. तो कोण, कोठला, कशासाठी निघाला, याच्याशी कंपनीला कर्तव्य उरले नाही. नकळत मिळालेला हा मोठा नागरी लाभ होता. त्याची किंमत आपल्याला कार्डाच्या युगात कळू लागली आहे.

दुसरा प्रश्न निराळ्या प्रकारचा होता. एका कंपनीच्या गाडीत बसलेला उतारू पुढे दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर जाई. त्याने वाटेत उतरून पुन्हा तिकीट काढावे काय? यावर १८४२ साली लंडनमध्ये ‘रेल्वे क्लिअरिंग हाउस’ निघाले. उतारूने एकच तिकीट काढावे, आणि त्या पैशांची वाटणी कंपन्यांच्या कारकुनांनी पडद्याआड करावी, ही त्यामागची व्यवस्था. एक प्रवास, एक तिकीट, हे तत्त्व असे दाखल झाले. त्याला चिप लागली नाही, वीज लागली नाही. लागला तो कंपन्यांमधील करार आणि हिशेब करणाऱ्या कारकुनांची फौज.

शहरातील वाहतुकीचा प्रश्न याहून अवघड. येथे रक्कम लहान, गर्दी मोठी आणि वेळ थोडा. मुंबईत १८७४ साली घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, १९०७ साली विजेच्या ट्राम आल्या, १९२६ साली मोटारबसगाड्या धावू लागल्या. या सर्व वाहनांचा व्यवहार कंडक्टरच्या हातावर चालला. चामड्याची पिशवी, तिकिटांची पेटी आणि ‘सुट्टे द्या’ हे तीन शब्द, एवढा त्याचा संसार. मोड नसली की बाकी रक्कम तिकिटाच्या पाठीवर लिहून द्यायची, आणि उतरण्याच्या घाईत ती मागायची राहून जायची, हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा प्रकार. थेंबाथेंबाने उतारूचे पैसे जात आणि नाण्यांची पोती मोजण्यात संस्थेचे मनुष्यबळ जाई. चिल्लर हा शहरी वाहतुकीचा शंभर वर्षांचा रोग आहे. कार्डाची पहिली खरी कामगिरी हा रोग बरा करण्याची आहे, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे.

नाण्यांच्या या अडचणीतून अमेरिकेतील बॉस्टन शहरात एक मजेची गोष्ट घडली. तेथील भुयारी रेल्वेने भाडे वाढविले. पण दहा सेंटांच्या नाण्यावर चालणारी फाटके बदलण्याऐवजी काही मार्गांवर उतरताना आणखी पाच सेंट घेण्याची शक्कल काढली. १९४९ साली नगराध्यक्षाच्या निवडणुकीत वॉल्टर ओब्रायन या उमेदवाराच्या प्रचारासाठी जॅकलिन स्टायनर आणि बेस लोमॅक्स हॉज या दोघींनी यावर एक गाणे रचले. त्यातील चार्ली नावाचा गृहस्थ उतरताना पाच सेंट जवळ नाहीत म्हणून गाडीतून बाहेरच पडू शकत नाही आणि जन्मभर भुयारात फिरत राहतो. ओब्रायन निवडणूक हरला. पण गाणे टिकले, आणि त्याच शहराने २००६ साली स्मार्ट कार्ड आणले तेव्हा त्याला चार्लीचेच नाव दिले. विनोद म्हणून हे छान आहे. इतिहास म्हणून त्यात एक इशाराही आहे. आत जाणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड, ही तक्रार कार्डाच्या काळात पुन्हा उठणार होती.

मधल्या काळात यंत्रे सुधारत गेली. लंडनमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या व्हिक्टोरिया मार्गावर चुंबकीय तिकिटे ओळखणारी फाटके बसविण्यात आली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील १९७२ च्या नव्या रेल्वेत तिकिटावरील चुंबकीय पट्टीत शिल्लक रक्कमच साठविली जाऊ लागली. त्याच सुमारास जर्मनीत डेथलॉफ आणि ग्रोट्रुप यांनी, आणि १९७४ साली फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो याने, कार्डात इलेक्ट्रॉनिक चिप बसविण्याच्या कल्पनेची पेटंटे मागितली. प्रवासाच्या दृष्टीने पुढची पायरी महत्त्वाची ठरली, ती बिनस्पर्शी कार्डाची. या कार्डाच्या पोटात चिप आणि बारीक तारेचे वेटोळे असते, बॅटरी नसते. फाटकावरील यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रात कार्ड आले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, चिप जागी होते, आपली शिल्लक सांगते, पैसे वजा करून घेते आणि पुन्हा झोपी जाते. फॅरडेने १८३१ साली दाखविलेल्या तत्त्वाचाच हा उपयोग. सारे काम सेकंदाच्या अंशात आटोपते. दक्षिण कोरियातील सोल शहराच्या बसगाड्यांत अशी कार्डे १९९६ साली आली आणि दुसऱ्या वर्षी हाँगकाँगने त्यांना जगभर प्रसिद्धी दिली.

हाँगकाँगची हकीगत नीट पाहण्यासारखी आहे. तेथील ‘ऑक्टोपस’ कार्ड १ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाले आणि पहिल्या तीनच महिन्यांत तीस लाख कार्डे खपली. लोक यंत्राचे कौतुक करतात. पण खरे कौतुक त्याआधीच्या गोष्टीचे आहे. दोन रेल्वे कंपन्या, दोन बस कंपन्या आणि एक फेरीबोटींची कंपनी, अशा पाच स्पर्धकांनी १९९४ साली एकत्र येऊन कार्डासाठी सामाईक कंपनी काढली होती. त्याच्याही आधी, १९८० नंतरच्या दशकात, दोन्ही रेल्वेंवर चालणारे चुंबकीय पट्टीचे एकच तिकीट लोकांच्या हातात पडले होते. म्हणजे कार्ड येण्यापूर्वीच कंपन्यांना पैसे वाटून घेण्याची आणि लोकांना एका तिकिटाची सवय लागलेली होती. भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत असलेल्या बाईने पर्स तशीच यंत्रावर टेकवावी आणि पुढे जावे, म्हाताऱ्याने चष्मा न काढता, नाणी न निवडता बसमध्ये चढावे, हे सुख त्या समझोत्याचे फळ होते. पुढे त्याच कार्डावर दुकानांत पाव आणि वर्तमानपत्रही मिळू लागले.

परंतु याच आदर्श शहराने कार्डाची दुसरी बाजूही दाखविली. २००७ साली असे उघड झाले, की कार्डात पैसे भरण्याच्या यंत्रांवर व्यवहार रद्द झाला तरी काही लोकांच्या बँक खात्यातून रक्कम वजा होत होती आणि हा प्रकार काही वर्षे चालला होता. रक्कम सुमारे सदतीस लाख हाँगकाँग डॉलर होती. ती परत करण्यात आली. पण कंडक्टरने दिलेली मोड हातात मोजता येते, यंत्राने कापलेली रक्कम मोजता येत नाही, हे लोकांना कळून चुकले. २०१० सालची गोष्ट याहून गंभीर. कार्डाच्या बक्षीस योजनेत नावे नोंदविलेल्या सुमारे वीस लाख लोकांची माहिती कंपनीने अन्य व्यापाऱ्यांना दिली आणि त्यातून साडेचार वर्षांत चार कोटी चाळीस लाख हाँगकाँग डॉलर मिळविले, हे बाहेर आले. आधी इन्कार झाला, मग कबुली आली आणि कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. पुढे जून २०१९ मधील निदर्शनांच्या वेळी, खिशात कार्ड असलेले कितीतरी तरुण स्टेशनांवर रोख पैशांनी साधे तिकीट घेण्यासाठी रांगा लावून उभे राहिलेले जगाने पाहिले. आपण कोणत्या स्टेशनावर केव्हा उतरलो याची नोंद राहू नये, एवढीच त्यांची इच्छा. त्या आंदोलनाविषयी कोणाचे मत काहीही असो. एडमंडसनच्या पुठ्ठ्याने उतारूला दिलेले अनामिकपण किती मोलाचे होते, हे त्या रांगेने दाखवून दिले. आणि तेथे रोख तिकिटाची खिडकी उघडी होती म्हणूनच ती रांग लागू शकली, हेही विसरू नये.

लंडनची कथाही याच धर्तीची. तेथील महानगर परिषदेने १९८१ साली भाडी सुमारे एक तृतीयांशाने उतरविली. तो निर्णय त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सच्या न्यायमूर्तींनी बेकायदेशीर ठरविला. पण त्या भांडणातून शहराचे विभाग पाडून भाडे आकारण्याची कल्पना रुजली, आणि १९८३ साली बस व भुयारी रेल्वे या दोहोंवर चालणारा एकच कागदी पास निघाला. ‘ऑयस्टर’ कार्ड आले ते त्यानंतर वीस वर्षांनी, २००३ साली. पाया आधीचा, मजला नंतरचा. या कार्डाने लंडनकरांना एक अपूर्व देणगी दिली. २००५ पासून दिवसभरात कितीही वेळा प्रवास केला तरी ठरावीक मर्यादेपलीकडे पैसे कापले जाईनासे झाले. पूर्वी दिवसाचा पास घ्यावा की सुटी तिकिटे, हा हिशेब सकाळीच करावा लागे, आणि तो चुकला की पैसे वाया जात. आता हिशेब यंत्राने करावा आणि त्यातला स्वस्त पर्याय उतारूच्या पदरात टाकावा, असे ठरले. कार्डाने केलेल्या लोकसेवेचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

या देणगीची किंमतही होती. २००७ साली मध्य लंडनमधील भुयारी प्रवासाचे रोख तिकीट चार पौंड झाले. कार्डाने तोच प्रवास दीड पौंडात होई. एकाच गाडीत, एकाच बाकावर बसलेल्या दोघांच्या भाड्यात अडीच पटींहून अधिक फरक, तोही केवळ पैसे देण्याच्या पद्धतीमुळे! उतरताना कार्ड टेकवायचे विसरले तर प्रवास अपुरा मानून मोठे भाडे कापले जाई. चार्लीचे भूत ते हेच. जुलै २००८ मध्ये दोन वेळा यंत्रणा बिघडली, आणि पहिल्या खेपेस तर हजारो कार्डे निकामी होऊन बदलून द्यावी लागली. ६ जुलै २०१४ पासून लंडनच्या बसगाड्यांत रोख पैसे घेणे थांबले. मात्र शिल्लक संपलेल्या माणसाला आणखी एक फेरी करता यावी, एवढी सवड कार्डात ठेवलेली होती. रात्री उशिरा शेवटच्या बसच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला ही एक फेरी काय वाटत असेल, याचा विचार ज्याने केला त्याला उत्तम शासनाचे मर्म कळले होते, असे मी म्हणेन.

येथे कोणी विचारील, की समझोता इतका महत्त्वाचा असेल तर कार्डाची गरज तरी काय? प्रश्न रास्त आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने १९६५ साली निरनिराळ्या वाहतूक संस्थांचा संघ बनवून एक भाडे आणि एक तिकीट आणले, ते कागदावरच. हॉलंडने १९८० साली सबंध देशासाठी पट्ट्यापट्ट्यांचे एक कागदी तिकीट काढले. कोणत्याही गावच्या बसमध्ये किंवा ट्राममध्ये बसावे, जितके विभाग ओलांडायचे त्याहून एक अधिक पट्टी मोजावी आणि तेथे शिक्का मारून घ्यावा. कागदाची एक घडी खिशात ठेवून माणूस देशभर फिरू शकत असे.

याच हॉलंडमध्ये कार्ड आले तेव्हा काय झाले, ते माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. चिपच्या कार्डाची सुरुवात २००५ साली रॉटरडॅममध्ये झाली आणि २०११ साली कागदी पट्ट्यांचे तिकीट इतिहासजमा झाले. कार्डाचा एक हेतू असा होता, की प्रत्येक कंपनीच्या गाडीतून किती उतारू किती किलोमीटर गेले हे बिनचूक कळावे आणि ज्याचे पैसे त्याला मिळावेत. हिशेब बिनचूक झाला. जवळच्या प्रवासाला अंतराप्रमाणे भाडे पडू लागले, हाही न्याय झाला. पण ज्या स्टेशनात दोन रेल्वे कंपन्यांच्या गाड्या येत, तेथे गाडी बदलताना एका कंपनीच्या खांबावर कार्ड टेकवून प्रवास संपवायचा आणि दुसरीच्या खांबावर टेकवून नवा प्रवास सुरू करायचा, अशी कवाईत उतारूच्या नशिबी आली. क्लिअरिंग हाउसच्या कारकुनांनी १८४२ साली जे काम पडद्याआड नेले होते, ते उतारूला फलाटावर धावत धावत करावे लागले. उतरताना कार्ड टेकवायचे राहिले तर बसमध्ये चार युरो आणि रेल्वेत वीस युरोंपर्यंत कापले जात. ते परत मिळविण्यासाठी अर्ज. शिवाय २००८ साली नायमेखन विद्यापीठाच्या संशोधकांनी या कार्डातील चिपचे कुलूप कच्चे असल्याचे सिद्ध केले. चिप बनविणारी कंपनी त्यांचा निबंध थांबविण्यासाठी न्यायालयात गेली. न्यायालयाने प्रसिद्धीची मोकळीक दिली. कागदाने जे एक केले होते ते कार्डाने पुन्हा सुटे केले. दोष चिपचा होता असे मी म्हणत नाही. कंपन्यांना वेगवेगळे मोजायचे होते, आणि चिपने ते त्यांना मोजून दिले.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराची चूक निराळी. तेथे रेल्वे, ट्राम आणि बस यांना चालणारे एक तिकीट आधीपासून होते. २००५ साली नव्या कार्डाचे कंत्राट सुमारे एकोणपन्नास कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना दिले गेले. ते दोन वर्षांत सुरू व्हावयाचे होते. प्रत्यक्षात शहराच्या रेल्वेवर ते २००९ च्या डिसेंबरअखेर आले आणि जुने तिकीट बंद व्हायला २०१२ साल संपावे लागले. खर्च फुगत गेला. २०११ साली सरकारने कार्ड ठेवले, पण एका वेळेच्या प्रवासाचे साधे तिकीट काढायची योजनाच रद्द केली. परिणाम असा, की एक दिवसासाठी गावाहून आलेल्या माणसाला एका फेरीसाठी सहा डॉलरचे कार्ड आधी विकत घ्यावे लागे. समझोता होता, यंत्र होते. परक्यासाठी दार मात्र नव्हते. पुढे २०१५ पासून शहराच्या मध्यभागातील ट्राम फुकट करण्यात आली, तेव्हा निदान तेवढ्या भागापुरता हा प्रश्न मिटला.

आता आपल्याकडे वळू. दिल्लीची मेट्रो २००२ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा तिने कार्ड आणले. पण कार्ड न घेणाऱ्यासाठी टोकनही ठेवले. हा शहाणपणा होता. मुंबईत वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिनेही हाच कित्ता गिरविला. पण कोणी घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोने अंधेरीला गेला आणि तेथून बसमध्ये चढला, तर त्याने तीन संस्थांना तीन वेळा, पहिल्या टप्प्यापासून, भाडे दिले. प्रवास त्याच्या दृष्टीने एकच होता. ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबाद येथे पंतप्रधानांच्या हस्ते देशभर चालावे असे सामाईक कार्ड प्रसृत झाले. विचार योग्य होता. तथापि खिशातले कार्ड एक होणे आणि भाडे एक होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच कार्डाने तीन फाटकांवर तीन पूर्ण भाडी कापली जावीत, यात सुट्ट्या पैशांची कटकट वाचते. पण उतारूचा खर्च पैनेही कमी होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई परिसरातील अकरा वाहतूक संस्थांची तिकिटे एकाच ठिकाणी काढून देणारे ‘मुंबई वन’ हे मोबाईलवरील ॲप निघाले. अकरा संस्था एका पडद्यावर आल्या, ही लहान गोष्ट नाही. आपल्या क्लिअरिंग हाउसची ती पहिली वीट ठरू शकते. पण तेवढ्याने इमारत पूर्ण झाली असे कोणी समजू नये.

एका गोष्टीचा उल्लेख येथे कर्तव्य म्हणून केला पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने केवळ प्रवासापुरती वापरायची, तीन हजार रुपयांपर्यंत शिल्लक ठेवणारी कार्डे ओळखीच्या कागदपत्रांची तपासणी न करता देण्याची मुभा दिली. बातमी लहान होती आणि वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत गेली. मला ती मोठी वाटते. चाकरमान्याला, बिगारीला, परगावाहून औषधोपचारासाठी आलेल्या बाईला गाडीत बसण्यासाठी आपली ओळख पटवावी लागू नये, हे तत्त्व त्या नियमात मान्य झाले. त्याच नियमात कार्डातील पैसे परत मिळणार नाहीत, असेही आहे. म्हणजे विश्वास टाकायचा तो उतारूनेच. संस्थेने त्याचे पैसे आगाऊ घ्यावयाचे आणि व्याजही द्यावयाचे नाही. शंभर-दोनशे रुपयांची ही रक्कम एकेकट्या माणसाला किरकोळ वाटते. लाखो कार्डांत पडून राहिली की ते मोठे बिनव्याजी कर्ज होते. लंडनच्या विसरलेल्या कार्डांत कोट्यवधी पौंड असेच पडून आहेत. पण तेथे ते मागून परत मिळतात.

मुंबईची लोकल पिढ्यान्‌पिढ्या फाटकाशिवाय चालत आली आहे. महिन्याचा पास खिशात, तो पाहणारा तपासनीस कधी भेटतो, कधी महिनाभर भेटत नाही. तरी बहुसंख्य लोक पास काढतात. हा तह विश्वासाचा आहे. नव्या मार्गांवर फाटके आली, ती येणारच होती. परंतु फाटक बसविणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की जुना कंडक्टर नुसता पैसे घेत नव्हता. शाळेच्या पोराचा पैसा पडला तर ‘उद्या दे’ म्हणण्याचा अधिकार तो वापरीत असे. तो अधिकार नियमांच्या पुस्तकात नव्हता आणि चिपमध्येही तो आपोआप येत नाही. तो मुद्दाम घालावा लागतो, जसा लंडनने एका जादा फेरीच्या रूपाने घातला.

तेव्हा आपल्या शहरात नवे कार्ड येईल त्या वेळी, ते किती सेकंदांत चालते हे विचारण्यापूर्वी, आपण चार प्रश्न विचारले पाहिजेत. या कार्डामागे संस्थांनी एका प्रवासाचे एक भाडे ठरविले आहे काय? ज्याच्याजवळ कार्ड नाही त्याला त्याच भाड्यात, निदान फार मोठा दंड न भरता, गाडीत बसता येते काय? यंत्र चुकले तर पैसे परत देण्याचे काम यंत्राच्या मालकाने आपणहून करावयाचे, की उतारूने अर्ज घेऊन हिंडावयाचे? आणि माझ्या येण्याजाण्याची नोंद किती दिवस, कोणापाशी राहते आणि ती पुसण्याचा नियम कोणता?

हे प्रश्न तज्ज्ञांचे नाहीत. तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाचे आहेत. हाँगकाँगला त्यांपैकी पहिल्याचे उत्तर आधी सापडले आणि चौथ्याचे उशिरा. लंडनने तिसऱ्यासाठी बोलणी खाल्ली, मेलबर्न दुसऱ्यापाशी अडले, हॉलंडने पहिल्याचे आलेले उत्तर पुसून टाकले. या शहरांनी आपल्या चुकांचे मोल भरलेले आहे आणि त्यांचे अनुभव आपल्यापुढे उघडे आहेत. आपल्याकडे भाडी ठरविणाऱ्या संस्था लोकांच्याच आहेत: महापालिका, राज्य सरकार, रेल्वे. त्यांच्या सभांत हे चार प्रश्न लेखी विचारले जावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारले जावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.